मुलांच्या हातात पूर्ण काम द्या: घरातली कौशल्यं शिकवायला सुरुवात कशी करायची

इंदूरला आमच्या भागात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तेही पहाटे. नळ आले की आधी थोडं पाणी वाहू द्यायचं, गढूळ नाही ना, वास येत नाही ना ते बघायचं, मग पिण्याची भांडी भरायची, मग हौदाचा कॉक उघडायचा, हौद भरला की मोटर लावून वरची टाकी भरायची आणि ती वाहायच्या आत मोटर बंद करायची. मुलगी नऊ वर्षांची झाली तेव्हा हे काम मी तिच्याकडे दिलं. मोटरचं बटण तेवढं बारा वर्षांपर्यंत माझ्याकडे ठेवलं, बाकी सगळं तिचं.

तिसऱ्याच आठवड्यात एका पहाटे ती उठली नाही. मला जाग होती. नळाचा आवाज येत होता. सासूबाई अंथरुणात उठून बसल्या, माझ्याकडे बघू लागल्या. मी हातानेच त्यांना थांबा म्हटलं. तासाभराने पाणी गेलं. पुढचे दोन दिवस घरात सगळ्यांनी एकेका बादलीत आंघोळ केली, आणि पिण्यासाठी शेजारच्या काकूंकडून दोन कळश्या आणल्या. आणायला तीच गेली. तिला कोणी रागावलं नाही, टोमणाही मारला नाही. त्या दोन दिवसांत पाण्याबद्दल ती जे शिकली ते माझ्या वर्षभराच्या सांगण्याने झालं नसतं. त्याच संध्याकाळी मी तिला सांगितलं की हे पाणी जलूदहून, सुमारे 70 किलोमीटरवरून, पंपांनी घाट चढवून इंदूरला आणतात. याआधीही सांगितलं होतं, पण तेव्हा तिने ऐकलं नव्हतं.

मुलांना घरातलं शिकवायचं ठरवलं की आपण त्यांना मदतीला बोलावतो. जरा ती वाटी दे, जरा कोथिंबीर निवड, जरा दार लाव. मूल मदत करतं, पण काय करायचंय, कधी करायचंय, काय संपलंय, पुढे काय लागेल हा सगळा विचार आपल्याच डोक्यात राहतो. अशी दहा वर्षं मदत केलेलं मूल पुढे शिकायला बाहेरगावी जातं आणि त्याला साबण संपत आलाय हे दिसत नाही. म्हणून माझं सांगणं एकच आहे: काम लहान असू द्या, पण पूर्ण द्या. आठवण ठेवण्यापासून आवरून ठेवण्यापर्यंत ते त्याचंच असू द्या.

पहिलं काम कसं निवडायचं

पहिलं काम असं हवं की ज्याचा दिवस किंवा वेळ ठरलेली आहे, जे झालं की नाही ते डोळ्यांना दिसतं, आणि जे चुकलं तर घराला थोडी अडचण होते पण कोणाला इजा होत नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाला जेवणाची पानं घेणं जमतं: किती माणसं जेवायला आहेत ते विचारायचं, तितकी ताटं, वाट्या, पाण्याची भांडी मांडायची, मीठ-लोणचं ठेवायचं. सहा-सात वर्षांना देवपूजेची फुलं आणि निर्माल्य, किंवा तुळशीला आणि कुंड्यांना पाणी. आठ-नऊला पाणी भरणं किंवा कचऱ्याची गाडी. दहाच्या पुढे आठवड्यातून एक जेवण. मूल चौदा वर्षांचं झालंय आणि अजून काहीच येत नाही, तरी पानं घेण्यापासूनच सुरुवात करा. फक्त ते दोन दिवसांत शिकून पुढे सरकेल.

एका वेळी एकच काम द्या. ते साधारण महिनाभर न आठवण करता होऊ लागलं की दुसरं. हे मुलगा-मुलगी दोघांनाही सारखंच. आपल्या घरांतून अजूनही मुलीच्या हाती लाटणं आणि मुलाच्या हाती बाजाराची पिशवी दिली जाते. दोघांनाही दोन्ही द्या.

शिकवायचं कसं

आधी एकदा तुम्ही करून दाखवा, सावकाश, आणि शक्य तितकं कमी बोलून. हात आणि तोंड एकदम चालू असलं की मूल तोंडाकडे बघतं. दुसऱ्या वेळी त्याने करायचं आणि करताना आपण काय करतोय ते त्याने बोलायचं. त्यात त्याचं कुठे चुकतंय ते तुम्हाला कळतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी तुम्ही त्याच खोलीत बसा, पण हातात तुमचं काम असू द्या. नुसतं बघत बसलात तर तुमचा हात पुढे जाणारच. त्यानंतर खोलीबाहेर जा.

सगळ्यात अवघड पाचवी पायरी आहे आणि ती आपल्यासाठी आहे. त्याने केलेलं काम पुन्हा करायचं नाही. त्याने घडी घातलेली चादर वाकडी आहे, ती तशीच कपाटात जाऊ द्या. त्याच्यादेखत आपण ती उलगडून नीट घातली तर पुढच्या वेळी ते मन लावून करणार नाही. सुधारणा सांगायची तर पुढच्या वेळी काम सुरू व्हायच्या आधी सांगा, आणि एकच सांगा. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना आधी विश्वासात घ्या. नातवंडाचे हाल त्यांना बघवत नाहीत, आणि त्यांचा हात मधे आला की आपलं सगळं मुसळ केरात.

कचरा

इंदूरच्या मुलांना हे शिकवणं सोपं आहे, कारण रोज दारात गाडी येते. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-कचरा असे सहा प्रकार वेगळे द्यायचे असतात. मुलाला सांगा: भाजीची देठं ओल्यात, बिस्किटाचं वेष्टन प्लास्टिकमध्ये, वापरलेलं डायपर कागदात गुंडाळून सॅनिटरीत, संपलेला सेल आणि जुन्या गोळ्या घातक कचऱ्यात. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वेगळी हातात द्यायची, म्हणजे गाडीवरच्या भाऊंचा हात कापणार नाही. गाडीवर काम करणाऱ्याला नमस्कार करणं हाही याच कामाचा भाग आहे. आपल्या ओल्या कचऱ्याचं पुढे काय होतं तेही सांगा. देवगुराडियाला 2022मध्ये सुरू झालेला 550 टन रोजच्या क्षमतेचा प्रकल्प आहे, तिथे त्यापासून गॅस बनतो आणि त्यावर शहरातल्या बस धावतात. स्वच्छ सर्वेक्षणात 2017पासून सलग सात वेळा आपला पहिला नंबर आला, तो घराघरातल्या या डब्यांतून आला.

स्वयंपाकघर

इथे घाई नको. विस्तवाच्या आधी धुणं-निवडणं, मग सुरी, आणि मगच गॅस. सुरी पहिल्यांदा उकडलेल्या बटाट्यावर, मग केळ्यावर, मग काकडीवर. ज्या हाताने भाजी धरायची त्या हाताची बोटं आत वळवलेली हवीत, नखं पुढे असली तर कापणारच. टोमॅटो शेवटी, त्याला धार लागते, आणि बोथट सुरी घसरून बोटावर येते.

पहिला पदार्थ पोहे. आमच्याकडे दोन्ही प्रकार होतात: सासूबाईंचे फोडणीचे कांदेपोहे आणि इंदुरी पोहे, वर सेव, जीरावन मसाला, बडीशेपेची चव. मुलांना दुसरे आवडतात, म्हणून तेच आधी शिकवले. जाड पोहे चाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली दोनदा हलक्या हाताने फिरवायचे आणि चाळणी दहा मिनिटं तशीच ठेवायची. एक पोहा बोटांत दाबून बघायचा: सहज चिरडला तर झाले, मधे कडक लागला तर पाण्याचा एक हबका. मीठ, साखर, हळद याच वेळी पोह्यांना लावून घ्यायची, म्हणजे कढईत जास्त ढवळावं लागत नाही आणि गोळा होत नाही. नऊ वर्षांचं मूल इथपर्यंत सगळं एकटं करू शकतं. फोडणी तुम्ही करा. अकरा-बारा वर्षांचं झालं, उंची ओट्याच्या वर नीट आली, की तेल तापलंय हे मोहरीचा एक दाणा टाकून कसं ओळखायचं ते दाखवा आणि बाजूला उभ्या राहा. सैल ओढणी, लांब बाही, मोकळे केस विस्तवाजवळ नाहीत. कढईचा दांडा ओट्याच्या बाहेर नाही. तेलाने पेट घेतला तर पाणी नाही, गॅस बंद आणि वर झाकण. हे तीन नियम मी दर वेळी म्हणायला लावते, मुलगा-मुलगी दोघंही कंटाळतात, तरी म्हणायला लावते.

दुसरा धडा कुकरचा, कारण वरण-भात आला की मूल उपाशी राहत नाही. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, एक वाटी तुरीच्या डाळीला तीन. कुकरच्या तळाला पाणी आहे ना ते बघायचं. झाकण उजेडाकडे धरून शिट्टीच्या भोकातून आरपार दिसतंय ना ते पाहायचं, डाळीचं साल अडकलं तर वाफ कोंडते. रबर नीट बसलंय ना, चिरलेलं नाही ना, तेही बघायचं. तीन-चार शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. आता घड्याळ बघून थांबायचं. शिट्टी सांडशीने किंचित उचलली आणि फुस्स आवाज आला तर अजून वाफ आहे, पुन्हा थांबायचं. झाकण जोर लावून कधीही उघडायचं नाही. वाफ गेली की ते आपणहून सुटतं. पहिल्या चार वेळा हे मुलाच्या शेजारी उभं राहूनच होऊ द्या.

गॅसचा वास आला तर काय, हे विस्तव हातात देण्याआधी शिकवायचं. घरगुती गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम घातलेला असतो. तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठतो. म्हणून शेगडी आणि सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि कुठलंही बटण लावायचं नाही की बंदही करायचं नाही, कारण दोन्ही वेळी ठिणगी पडते. पंख्याचं बटणसुद्धा नाही. मग सगळ्यांनी बाहेर यायचं आणि बाहेर येऊन गॅसगळतीच्या 1906 या नंबरला फोन. आम्ही हे सहा महिन्यांतून एकदा खोटं खोटं करून बघतो. पहिल्या वेळी मुलगा थेट दिव्याच्या बटणाकडे धावला होता, म्हणूनच नुसतं सांगून भागत नाही असं मला वाटतं.

एक गोष्ट मनापासून सांगते. स्वयंपाकघरात मुलांशी मराठीत बोला. आपली मुलं शाळेत हिंदी-इंग्रजी बोलतात, गल्लीत हिंदी. झारा, उलथणं, रवी, मापटं, चिमूट, पसा, उकळी फुटणं, वाफ दवडणं हे शब्द आता या चार भिंतींत राहिलेत. हाताने काम करताना ऐकलेला शब्द मुलं विसरत नाहीत.

पैसे

खाऊचे पैसे देऊन हिशोब येत नाही. खाऊ संपला की मूल पुन्हा मागतं आणि आपण देतो. त्यापेक्षा एक पूर्ण खर्च सोपवा. आम्ही वह्या-पेनांचा सोपवला. शाळेचं नवं वर्ष सुरू होताना बसून यादी केली, अंदाज केला, तितके पैसे पाकिटात घालून दिले. वर्षभर त्यातूनच. उरले तर तिचे. महागडं कंपास घेतलं तर जुनं दप्तर शिवून वापरायचं, हे तिने ठरवायचं.

त्याआधीचा टप्पा दुकानाचा. आठ वर्षांचं मूल कोपऱ्यावरच्या किराण्यातून तीन वस्तू आणू शकतं. यादी त्याने लिहायची, किती होतील ते घरीच बेरीज करून बघायचं, उरलेले पैसे दुकानाच्या पायरीवरून उतरायच्या आधी मोजायचे. पाकिटावरची तारीख वाचून दाखवायला सांगा. दूध-दही असेल तर तारीख आधी, पैसे नंतर.

सराफ्यात गेलो तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता. दिवसा सोन्या-चांदीची दुकानं आणि ती बंद झाली की त्याच ओट्यांवर खाण्याची, हे बघूनच तो हरखला. ठरलेले पैसे त्याच्या हातात दिले आणि सांगितलं, आज तुला काय खायचं ते तू ठरव, वर मिळणार नाहीत. पहिल्या दोन ठिकाणी तो सगळे खर्चून बसला. पुढे भुट्ट्याचा कीस दिसला. तो त्याचा सगळ्यात आवडता. माझा हात पर्सकडे गेला होता, खरंच सांगते, पण मी थांबले. त्याने माझ्याकडे बघितलं, मी नाही म्हटलं, तो गप्प चालू लागला. पुढच्या वेळी त्याने आधी पूर्ण गल्लीतून एक चक्कर मारली, मग विकत घेतलं.

दहा वर्षांपुढच्या मुलांना स्वतःच्या नावावर बचत खातं उघडून चालवता येतं, रिझर्व्ह बँकेची त्याला परवानगी आहे. मर्यादा आणि सोयी प्रत्येक बँक ठरवते, म्हणून आपल्या शाखेत विचारा. खातं उघडायला मुलाला सोबत न्या, अर्ज त्याच्या अक्षरात भरू द्या, पैसे भरायची स्लिप त्याला लिहू द्या.

मोबाइलवरच्या पैशांचं एक वाक्य पाठ करून घ्या: पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की आपल्या खात्यातून जातातच. ओटीपी आजीलाही सांगायचा नाही. हे खेळातून चांगलं बसतं. तुम्ही दुसऱ्या खोलीतून फोन करा, आवाज बदलून म्हणा, बँकेतून बोलतोय, आईच्या फोनवर आलेला नंबर सांग बेटा, नाही तर खातं बंद होईल. मूल काय करतं ते बघा. घाई करणारा आणि घाबरवणारा फोन लगेच ठेवून द्यायचा, एवढं आलं तरी खूप. पैसे गेलेच तर तासाभरातच सायबर फसवणुकीच्या 1930 या नंबरला फोन करायचा, लपवायचं नाही. मूल लपवतं ते आपल्या रागाला भिऊन, त्यामुळे ही चूक कबूल केल्यावर रागवायचं नाही हे आधीच सांगून ठेवा आणि पाळा.

कपडे, सुई-दोरा, सायकल

यात फार शिकवावं लागत नाही, संधी द्यावी लागते. सात वर्षांचं मूल आपले मोजे-रुमाल आंघोळीच्या वेळी धुतं, दहाचं मशीन लावतं (पांढरे वेगळे, खिसे तपासून), बाराचं इस्त्री करतं. बटण लावायला जुन्या शर्टावर शिकवा आणि बटणाखाली एक काडी धरून टाके घाला, नंतर काडी काढली की बटण सैल बसतं आणि काजात सहज जातं. सायकलची हवा, चेन बसवणं आणि ब्रेक तपासणं दोघांनाही यायला हवं.

दुखलं-खुपलं

भाजलं तर वीस मिनिटं नळाच्या थंड पाण्याखाली धरायचं. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काही नाही. नाकातून रक्त आलं तर मान पुढे, मागे नाही, आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत. जुलाब होत असतील तर ओआरएसचं एक लिटरचं पूर्ण पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात, आणि चोवीस तासांनंतर उरलेलं ओतून टाकायचं. पाकीट नसलं तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ वाढलं तर अपाय होतो, म्हणून आधी मोजून दाखवा. गोळ्या स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत.

आणि शरीराचं: अंगाला कोणी हात लावला आणि ते आवडलं नाही तर नको म्हणायचं, मग ते नातेवाईक असोत की ओळखीचे. पाहुण्यांच्या गळ्यात पडायला मुलांना भाग पाडू नका. 1098 हा मुलांसाठीचा नंबर आणि 112 हा सगळ्या संकटांचा, दोन्ही फ्रिजवर लावा.

गर्दीत आणि घरी एकटं

रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्याजवळ पाय ठेवायला जागा नसते. आठ वर्षांखालच्या मुलांना तिथे नेऊच नये असं माझं मत आहे. पण अनंत चतुर्दशीच्या झाँक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, बघायला सगळेच जातात. निघताना दोन गोष्टी करा. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते ठरवा आणि ती जागा आधी मुलाला नेऊन दाखवा. तुमचा फोन नंबर कागदावर लिहून, छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात शिवून टाका. हातावर लिहिलेला घामाने किंवा रंगाच्या पाण्याने जातो. दोन नंबर तोंडपाठ हवेतच, चालीवर म्हणून घेतले की पाच वर्षांच्या मुलालाही येतात. हरवल्यावर आई-आई ओरडून उपयोग नाही, तिथे शेकडो आया असतात. आईचं पूर्ण नाव घेऊन ओरडायचं. जिथे कळलं तिथेच थांबायचं, आणि कोणी आलंच नाही तर गणवेशातले पोलीस, किंवा मुलं सोबत असलेली एखादी बाई, यांना सांगायचं. कोणी म्हणालं चल, तुझ्या आईकडे नेतो, तर जायचं नाही.

घरी एकटं राहायला दहा वर्षांनंतर, आणि तेही पंधरा मिनिटांपासून. जाण्याआधी गॅसचा रेग्युलेटर बंद. दाराची एक किल्ली शेजारच्या काकूंकडे, आणि आपण बाहेर जातोय हे काकूंना माहीत हवं. दार वाजलं तर आतूनच विचारायचं, कोण आहे, आणि उघडायचं नाही, घरी एकटा आहे हेही सांगायचं नाही. मी पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन साबण घेऊन परत आले, तेवढ्यातच. परत आल्यावर घर कसं आहे हे लगेच तपासू नका. आधी त्याला विचारा, काय काय आवाज आले, कशाची भीती वाटली, काय करावंसं वाटलं. पाण्याच्या टाकीचा आवाज ऐकून घाबरलो असं म्हणालं तर पुढच्या वेळीही पंधराच मिनिटं. काही नाही, पुस्तक वाचत होतो म्हणालं तर अर्धा तास.